साडेबारा हजारांचा हिशेब

मराठी नाटकाच्या जाहिरातीत कोपऱ्यात एक आकडा असतो. शंभरावा, तीनशेवा, पाचशेवा. तो नाटकाचा आकडा. पण ६ नोव्हेंबर २०२२ या रविवारी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात जो आकडा साजरा झाला, तो नाटकाचा नव्हता, माणसाचा होता. नाटक होतं ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ आणि नट प्रशांत दामले. व्यावसायिक रंगभूमीवरचा त्यांचा तो १२,५०० वा प्रयोग. सभागृह पावणेतीन हजार खुर्च्यांचं, मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्री हजर, हारतुरे झाले, बातम्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी आपण सगळे तो आकडा विसरलो.

विसरणारच. सिनेमाचे पहिल्या आठवड्यात शंभर कोटी, दुसऱ्यात दोनशे, हे वाचून वाचून आपले डोळे निबर झालेत. साडेबारा हजार म्हणजे आजकाल बऱ्यापैकी मोबाइलची किंमत. तेवढ्याने कोण दचकतो? म्हणून हा आकडा जरा सुटा करून बघू.

रोज एक प्रयोग करायचा ठरवला, रविवार नाही, गणपती नाहीत, दिवाळी नाही, ताप नाही, घरात कुणाचं लग्न नाही, तरी साडेबारा हजार प्रयोगांना चौतीस वर्षं आणि वर जवळजवळ तीन महिने लागतात. पंचविशीत सुरुवात केलेला माणूस साठीला टेकल्यावर मोकळा होईल. दामल्यांनी १९८३ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटूर’मधून सुरुवात केली, म्हणजे त्यांना चाळीसला थोडी कमी वर्षं लागली. भागाकार केला तर वर्षाला तीनशे चौदा प्रयोग, आठवड्याला सहा. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कचेरीतला माणूस सुट्ट्या वजा जाता वर्षाला २४०-२४५ दिवस कामावर जातो. तीनशे चौदा ही सरासरी आहे, हे ध्यानात ठेवा. सुरुवातीच्या काळात बेस्टमधली नोकरी सांभाळून नाटक चाललं होतं आणि तेव्हा वर्षाला तीनशे होणं शक्यच नव्हतं. शेवटी शेवटी करोना आला. मार्च २०२० पासून ऑक्टोबर २०२१ पर्यंतच्या काळात राज्यातली नाट्यगृहं दोन खेपा मिळून सव्वा वर्षाच्या आसपास कुलूपबंद होती. म्हणजे मधल्या काही वर्षांत सरासरी पार फोडून पुढे जावं लागलं असणार.

तसंच झालं. १९९५ या एका वर्षात त्यांनी साडेचारशेच्या वर प्रयोग केले आणि ‘लिम्का बुक’मध्ये त्याची नोंद झाली. वर्षात दिवस तीनशे पासष्टच. उरलेले प्रयोग बसवायचे तर किमान पंच्याऐंशी दिवस दोन-दोन प्रयोग हवेत, तेही बाकीच्या एकाही दिवशी सुट्टी घेतली नाही तर. आणि २००१ मध्ये एकाच दिवसात पाच प्रयोग. तेही एकाच नाटकाचे नव्हेत.

या पाच प्रयोगांपाशी थोडं थांबू. मराठी दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच तासांचं. पाच प्रयोग म्हणजे साडेबारा तास. नाट्यगृहांची सत्रं साधारण तीन असतात, सकाळ, दुपार आणि रात्र. पाच बसवायचे तर दिवस दोन्हीकडून ताणावा लागतो, पहाटेकडूनही आणि मध्यरात्रीकडूनही. उरलेल्या साडेअकरा तासांत एका नाट्यगृहातून दुसऱ्यात जाणं, कपडे बदलणं, रंग पुसून दुसरा लावणं, जेवण आणि झोप. पण मला यातली खरी भीती वेळेची वाटत नाही. नाटकं वेगवेगळी आहेत, म्हणजे दुपारी जी बाई बायको होती ती रात्री नसणार, सकाळच्या अंकात ज्या दारातून बाहेर पडायचं ते दार संध्याकाळच्या सेटवर खिडकी असणार. तोंडात वाक्य एका नाटकाचं आणि समोर नट दुसऱ्या नाटकाचा, असं एकदा झालं तरी संपलं. हे होऊ न देणं ही स्मरणशक्तीची कसरत आहे आणि ती करताना चेहरा असा ठेवायचा की घरी सोफ्यावर बसून गप्पा मारतोय. विनोदी नटाचं दुर्दैव हे की, त्याचे कष्ट दिसले तर पैसे वाया.

आता सिनेमाशी तुलना. दामल्यांनी चित्रपटही केलेत. ‘सवत माझी लाडकी’ आहे, ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ आहे, छोट्या पडद्यावर ‘आम्ही सारे खवय्ये’मधून ते घराघरातल्या स्वयंपाकघरात शिरले. पडद्याचं गणित मात्र सर्वस्वी निराळं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ ला लागला आणि मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरातून उतरायला तयार नाही. हजार आठवडे झाले त्यालाही आता दशक उलटलं. समजा, तिथे पहिल्या दिवसापासून रोज एकच खेळ झाला, आणि करोनातली बंदीही विसरून जाऊ, तर त्याचा १२,५०० वा खेळ पडेल जानेवारी २०३० मध्ये. शाहरुख खानने ते काम एकदा केलं. त्यानंतर तो झोपलेला असो, परदेशात असो, दुसऱ्या सिनेमाच्या सेटवर असो, मराठा मंदिरातला राज वेळेवर हजर होतो. नाटकातला माणूस असा परस्पर हजर होत नाही. त्याला प्रत्येक वेळी स्वतः यावं लागतं.

जगात या आकड्याच्या आसपास कोण आहे? पहिलं नाव आठवतं युल ब्रायनरचं. ‘द किंग अँड आय’ २९ मार्च १९५१ ला ब्रॉडवेवर आलं आणि त्यातला सयामचा राजा ब्रायनरच्या अंगात जो भिनला तो भिनलाच. १९५६ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, तोच राजा करून ब्रायनरने ऑस्कर नेलं. एरवी नट इथे थांबतो. ब्रायनर पुन्हा रंगमंचावर गेला, कॅन्सर झाल्यावरही गेला, आणि ३० जून १९८५ ला त्या भूमिकेचा शेवटचा प्रयोग केला तो ४,६२५ वा. ऑक्टोबरमध्ये तो वारला. एकाच भूमिकेचे ४,६२५ प्रयोग हा अचाट आकडा आहे, त्याला हात जोडावेत. पण ब्रायनरला दोनदा घेतलं तरी ९,२५० होतात. दामल्यांपर्यंत पोचायला वर ३,२५० लागतात.

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२ पासून चालू आहे. २०१२ मध्येच त्याचे २५,००० प्रयोग झाले होते. पण तो आकडा नाटकाचा, नट सारखे बदलत आले. त्यात सर्वांत टिकले ते डेव्हिड रेव्हन, मेजर मेटकाफच्या भूमिकेत ४,५७५ प्रयोग. आपल्याकडेही हा फरक करावा लागतो. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये आलं, मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली गावोगाव नेली आणि नाटकाने पाच हजारांचा टप्पा ओलांडला. भरत जाधव यांचं ‘सही रे सही’ २००२ पासून चार हजारांच्या पुढे गेलंय. हे एकेका नाटकाचे आकडे. दामल्यांचा आकडा अनेक नाटकांची बेरीज आहे: ‘मोरूची मावशी’, ‘ब्रह्मचारी’, ‘गेला माधव कुणीकडे’, ‘एका लग्नाची गोष्ट’, ‘जादू तेरी नजर’, ‘साखर खाल्लेला माणूस’ आणि अशी कितीतरी. तेव्हा ब्रायनरशी तुलना काटेकोर नाही, हे कबूल. एकच भूमिका हजारो वेळा करण्यात कंटाळ्याशी लढाई असते, अनेक करण्यात विसरण्याशी. दोन्हींतलं सोपं कुठलं, हे ज्याने दोन्ही केलंय त्याला विचारावं.

मात्र एका बाबतीत मराठी नटाचं पारडं निर्विवाद जड आहे, आणि ते आकड्यात दिसत नाही. ब्रॉडवेवर किंवा लंडनच्या वेस्ट एंडमध्ये नाटक एका नाट्यगृहात लागतं आणि तिथेच राहतं. आठवड्याला आठ प्रयोग, पण सेट तोच, आरसा तोच, नटाचा कोट टांगायची खुंटीसुद्धा तीच. आपल्याकडे नाटकाला घर नाही. आज दुपारी दादरचं शिवाजी मंदिर, रात्री ठाण्याचं गडकरी रंगायतन, उद्या पुण्यात बालगंधर्व, परवा कोल्हापूर. प्रत्येक प्रयोगाला दिवाणखाना टेम्पोतून येतो. आदल्या सत्राचं नाटक संपून पडदा पडला की त्यांच्या भिंती खाली आणि आपल्या वर. दारं बसवायची, सोफा ठेवायचा, टीपॉयवर फ्लॉवरपॉट, फोन, पाण्याचा पेला, पेल्यात खरंच पाणी. दिव्यांचे कोन लावायचे, माइक तपासायचे. दार एका हिसक्यात उघडतंय ना, ते दोनदा बघायचं, कारण दुसऱ्या अंकात नायक त्याच दारातून पळत येणार आहे आणि दार अडकलं तर हशा भलत्याच ठिकाणी पडेल. मग पहिली घंटा, दुसरी, तिसरी. अडीच तासांनी सगळं मोडून पुन्हा टेम्पोत. म्हणजे साडेबारा हजार वेळा घर बांधलं आणि साडेबारा हजार वेळा पाडलं. आणि घंटा? तिपटीने, साडेसदतीस हजार.

घंटा मोजल्या तर बाकीचंही मोजून टाकू. अडीच तासांचा प्रयोग धरला तर एकूण ३१,२५० तास. रात्रंदिवस सलग खेळत बसलं तर साडेतीन वर्षांहून जास्त. आठ तासांची पाळी आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर तेरा वर्षांची नोकरी. यात तालमी नाहीत, प्रवास नाही, मेकअपच्या आरशासमोरचा वेळ नाही.

शब्द. मुख्य नट एका प्रयोगात पाच हजार शब्द बोलतो असं धरू. फार्समध्ये याहून जास्तच होतील, पण कंजूषपणे मोजलेलं बरं. सव्वासहा कोटी शब्द झाले. लक्षश्लोकी महाभारताची शब्दसंख्या अठरा लाखांच्या घरात सांगतात. म्हणजे चौतीस महाभारतं, तोंडपाठ, आणि प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला.

प्रवास. इथे अंदाज आहे, पण तोही हात आखडून करतो. दादर ते ठाणे पंचवीस-तीस किलोमीटर, मुंबई ते पुणे दीडशे, दौरा निघाला की नागपूरपर्यंत आठशे. एका दिवशी दोन प्रयोग एकाच शहरात झाले तर अंतर वाटलं जातं. जाऊन-येऊन सरासरी फक्त साठ किलोमीटर धरली तरी साडेसात लाख किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर. तीन हजार वाऱ्या झाल्या, बहुतेक सगळ्या रात्रीच्या, बसच्या खिडकीला डोकं टेकून.

प्रेक्षक. आपली नाट्यगृहं साधारण हजार खुर्च्यांची. प्रत्येक प्रयोग हाऊसफुल्ल धरला तर सव्वा कोटी. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या होती १ कोटी २४ लाख. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत आख्खी मुंबई, तान्ह्या मुलांसकट, तिकीट काढून बसवली तर हा आकडा होतो. प्रत्येक प्रयोग काही हाऊसफुल्ल नसतो. अर्धंच भरलं असं धरलं तरी साडेबासष्ट लाख, म्हणजे त्याच जनगणनेतलं पुणे शहर दोनदा. पुणेकर एकदा आला तर दोष काढायला दुसऱ्यांदा येतोच, त्यामुळे हे दोनदा बरोबर बसतं. एकच माणूस दहा वेळा आला तरी तो दहा वेळा मोजलाय, हे सांगून ठेवतो.

साधनं बदलली की हेच गणित कसं फिरतं बघा. ‘तो मी नव्हेच’ ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत आलं. आचार्य अत्र्यांचं लेखन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर पाच रूपांत: लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री. पणशीकरांनी या नाटकाचे अडीच हजारांवर प्रयोग केले. अडीच हजार गुणिले पाच किती? साडेबारा हजार. म्हणजे पणशीकरांनी एकाच नाटकात साडेबारा हजार वेळा माणूस बदलला, पगडी वेगळी, बोली वेगळी, चालही वेगळी. आणि ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटेच बावन्न पात्रं उभी करत. त्यांना साडेबारा हजार पात्रं करायला २४१ प्रयोग पुरे झाले असते, प्रत्यक्षात त्यांनी प्रयोग त्याच्या कित्येक पट केले. कुणाचा विक्रम मोठा, असल्या भांडणात मला रस नाही. पण तिघांनी एकाच आकड्यापर्यंत जायला तीन वाटा काढल्या, याची गंमत वाटते.

मग एक प्रश्न उरतो जो आकड्यांच्या भाषेत विचारता येत नाही, तरी विचारतो. ‘एका लग्नाची गोष्ट’ १९९८ मध्ये आलं. वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, दामले आणि कविता लाड-मेढेकर तीच जोडी घेऊन ‘पुढची गोष्ट’ आली. मधल्या काळात लग्न मोडायची, जोडायची, गैरसमज व्हायची, फिटायची किती हजार भांडणं झाली असतील? आणि प्रत्येक वेळी बायको जे बोलणार ते नवऱ्याला पाठ असूनही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं दचकायचं. विनोदी नाटकात हशाची एक लाट असते. ती चढत असताना पुढचं वाक्य टाकलं तर बुडतं, पार ओसरल्यावर टाकलं तर कोरडं पडतं. ती उतरू लागली की नेमकं त्या क्षणी बोलायचं. ठाण्याची लाट आणि सोलापूरची लाट सारखी नसते, दुपारच्या प्रयोगाची आणि रात्रीचीही नसते. दुपारी आलेल्या महिला मंडळाची लाट तर वेगळंच प्रकरण. एका प्रयोगात असे पन्नास क्षण धरले तर साडेबारा हजार प्रयोगांत सव्वासहा लाख वेळा अंदाज बांधावा लागला. सव्वासहा कोटी शब्द पाठ करता येतात. हे सव्वासहा लाख क्षण पाठ करता येत नाहीत, कारण ते समोरच्या अंधारात बसलेल्यांकडे असतात.

आणि या हिशेबात बाकीचे कुठे आहेत? ‘माउसट्रॅप’मध्ये नॅन्सी सीब्रुक नावाची नटी होती. मूळ नटी आजारी पडली तर तिच्या जागी उभं राहायचं, हे तिचं काम. पंधरा वर्षांत ६,२४० प्रयोगांना ती तयार होऊन थांबली. प्रत्यक्ष रंगमंचावर गेली ती ७२ वेळा. तिची गिनेसने नोंद ठेवली म्हणून आपल्याला माहीत. आपल्याकडे विंगेत उभ्या राहणाऱ्यांचा आकडा जाहिरातीच्या कोपऱ्यात येत नाही. एका प्रयोगाला नेपथ्य लावणारे, दिवे, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषा, टेम्पोचालक असे धरून दहा माणसं लागतात असं मानलं, तर साडेबारा हजार प्रयोगांमागे सव्वा लाख माणसांची एकेक पाळी झाली. नटासारखीच त्यांनाही नाईट मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. करोनात कुलूप लागलं तेव्हा नटाकडे पडदा होता, मालिका होत्या. दार अडकत नाही ना हे दोनदा बघणाऱ्याकडे काहीच नव्हतं. यांतल्या काहींचे प्रयोग नटापेक्षा जास्त भरतील, कारण ते एका नटाबरोबर बांधलेले नसतात. सकाळी बालनाट्य, दुपारी फार्स, रात्री संगीत नाटक, सगळीकडे तेच हात. अशा एखाद्याने चाळीस वर्षं वही ठेवली असती तर त्यात पंधरा हजार निघायलाही हरकत नव्हती.

दामल्यांचं मोजणं अजून चालू आहे. २०२३ मध्ये ते अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये ‘शिकायला गेलो एक!’ हे नवं नाटक आलं. वर्षाला तीनशेचा वेग धरला तर २०२२ च्या त्या रविवारनंतर पंधरा हजारांसाठी आठ वर्षं आणि चार महिने. १९६१ च्या एप्रिलचा त्यांचा जन्म, म्हणजे पंधरा हजारावा प्रयोग सत्तराव्या वाढदिवसाच्या आत बसतो. १९९५ चा वेग धरला असता तर २०२८ मध्येच झाला असता, पण तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते.